हेल्मेटचा इंटरकॉम : घेण्याआधी आणि घेतल्यावर विचारले जाणारे प्रश्न

रविवारी पहाटे साडेपाचला ठाण्यात माजिवड्याच्या पुलाखाली आमचा सात-आठ जणांचा कंपू जमतो. कधी माळशेज, कधी कसारा, कधी जुन्या हायवेनं खंडाळा. गेली सहा वर्षं आम्ही हेल्मेटमध्ये इंटरकॉम, म्हणजे चालत्या बाइकवर एकमेकांशी बोलायचं यंत्र, वापरतोय. मी स्वतःच्या पैशानं तीन घेतले, त्यातला एक पावसात घालवला. त्यामुळे ऑफिसात, सोसायटीत, नात्यात कुणी नवी बाइक घेतली की काही दिवसांत प्रश्न माझ्याकडे येतात. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन थकलो, म्हणून ही एकदाच लिहून काढली. मी विक्रेता नाही, कुठल्या कंपनीचा माणूसही नाही.

साधे इयरफोन घालून बोललं तर काय बिघडतं? इंटरकॉमवर पैसे कशाला घालायचे?

इयरफोन कानाची भोकं बुजवतो. मुंब्रा बायपासला मागून कंटेनर येत असेल तर त्याचा हॉर्न आपल्याला ऐकू यायलाच हवा. शिवाय फुल फेस हेल्मेट चढवताना इयरफोन हमखास निसटतो, नाहीतर तास-दीड तासात कानात असा रुततो की थांबून काढावा लागतो.

इंटरकॉममध्ये दोन चपटे स्पीकर असतात, साधारण ४० मिलिमीटर व्यासाचे. ते हेल्मेटमधल्या कानाच्या खोबणीत बसतात, कानात नाही. तोंडासमोर माइक आणि हेल्मेटच्या डाव्या बाजूला बटणांची छोटी डबी. डावीकडे का, तर उजवा हात थ्रॉटलवरून हलवायचा नसतो.

दुसरा फरक मोठा आहे. हा फोन नव्हे. एका हेल्मेटमधून दुसऱ्या हेल्मेटमध्ये आवाज थेट जातो. सिम नाही, टॉवर नाही, डेटा नाही. माळशेजमध्ये नेटवर्क येऊन-जाऊन असतं, पण पुढचा मित्र वळणापलीकडून "गाय बसलीये, सावकाश" म्हणतो ते कळतं. हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं. तुमच्या घरचा वायफायही त्याच पट्ट्यात असतो. आपल्याकडे हा पट्टा परवानामुक्त आहे, म्हणून वॉकीटॉकीसारखी लायसन्सची भानगड नाही.

मी रोज ठाण्याहून महापेला एकटाच जातो. मला लागेल का?

नाही. कळवा नाका आणि ठाणे-बेलापूर रस्ता या प्रवासात तुम्हाला कुणाशी बोलायचंय? बॉसशी? त्या पैशात चांगला रेनकोट आणि हातमोजे घ्या.

मग लागतो कुणाला?

माझ्या मते दोघांना. एक, ग्रुपनं लांब जाणाऱ्यांना. दोन, डबलसीट फिरणाऱ्या जोडप्यांना, आणि यांना तर जास्तच. मागे बसलेल्या माणसाशी इंटरकॉमशिवाय होणारं संभाषण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. "अरे, डावीकडे!" "काय?" "डावीकडे!" "हो, चहा पुढे घेऊ." ऐरोलीला बहिणीकडे निघालेलो आम्ही असेच एकदा थेट रबाळ्याला पोहोचलो. परतताना बायको एक शब्द बोलली नाही, आणि तो मात्र न बोललेला शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

ब्लूटूथ इंटरकॉम आणि मेश इंटरकॉम यात फरक काय?

इथे थोडं थांबून वाचा. पैसे चुकतात ते बहुतेक इथेच.

साधा ब्लूटूथ इंटरकॉम साखळीसारखा जोडला जातो. पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला, तिसरा चौथ्याला. शाळेच्या सहलीत मुलं हात धरून रस्ता ओलांडतात तसं. मधल्यानं हात सोडला की मागची सगळी रांग सुटते. तुमच्यातला दुसरा गडी पेट्रोलला थांबला की तिसऱ्या-चौथ्याशी पहिल्याचा संबंध संपला. पुन्हा जोडायचं तर सगळ्यांनी वेग कमी करून बटणं दाबत बसायचं. शिवाय कुणामागे कोण हा क्रम पेअर करतानाच ठरतो, आणि रस्त्यावर तो क्रम कुणी पाळत नाही. पहिल्या वळणालाच शेवटचा पुढे गेलेला असतो.

मेशमध्ये सगळे सगळ्यांशी जोडलेले असतात. एक मागे पडला तर बाकीच्यांचं बोलणं चालू राहतं. तो परत टप्प्यात आला की आपोआप सामील होतो, कुणी बटणाला हात लावायचा नाही. मधल्या माणसाचं यंत्र आवाज पुढे ढकलतं, त्यामुळे ग्रुप लांबला तरी पहिल्याचं शेवटच्याला ऐकू येऊ शकतं. कार्डो कंपनीनं २०१५ मध्ये पॅकटॉक या आपल्या सेटमधून हे आणलं, सेना नावाच्या दुसऱ्या कंपनीनं काही वर्षांनी आपलं मेश काढलं. कार्डोच्या मेशमध्ये १५ जण बसतात, सेनाच्या खासगी ग्रुपमध्ये २४. माझ्या अनुभवात आठच्या वर माणसं एकाच वेळी बोलायला लागली की ती लोकलच्या डब्यातली चर्चा होते, तेव्हा त्या आकड्यांवर भाळू नका.

तर हिशोब असा. दोघंच असाल, म्हणजे तुम्ही आणि मागे बसणारी व्यक्ती, तर साधं ब्लूटूथ पुरतं. मेशचे पैसे वाया. तीन जण असतील तर ब्लूटूथवर कसंबसं निभतं. चार किंवा जास्त आणि दर महिन्याला जाणार असाल तर मेशच घ्या. आधी स्वस्तातला घेऊन बघू म्हणालात तर वर्षभरात दुसऱ्यांदा घ्याल. मी घेतला.

खोक्यावर '१००० मीटर' लिहिलंय. खरंच एक किलोमीटर जातो का?

जातो. मोकळं मैदान, मध्ये झाड नाही, भिंत नाही, ट्रक नाही आणि दोघंही एकमेकांच्या डोळ्यांसमोर. ठाण्यात अशी जागा शोधून दाखवा.

माझा पहिला सेट घोडबंदरच्या गायमुख घाटात दुसऱ्याच वळणावर मुका झाला. मित्र जेमतेम दीडशे-दोनशे मीटर पुढे होता. सदोष आहे म्हणून परत करायला निघालो होतो. मग पाम बीच रस्त्यावर रविवारी सकाळी सात वाजता तोच सेट काढला, तर पाचशे-सहाशे मीटरपर्यंत नीट चालला. सेट ठीक होता. आड आला होता डोंगर.

२.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सरळ जातात, डोंगर वळसा घालून ओलांडत नाहीत. लोखंडावर त्या आपटून परततात, म्हणून दोन बाइकच्या मध्ये ट्रेलर घुसला की आवाज तुटतो. पाण्यात त्या शोषल्या जातात, आणि आपलं शरीर म्हणजे बहुतांश पाणीच. यातून एक गंमत निघते. डबी डाव्या बाजूला असते, म्हणून तुमच्या उजवीकडून चालणाऱ्या मित्रापर्यंत सिग्नल जाताना मध्ये तुमचंच डोकं येतं. जवळून जाताना फरक पडत नाही, लांब पडल्यावर पडतो.

खोक्यावरच्या आकड्याला गावात चारनं भागा, घाटात त्याहूनही जास्तनं. मेशवाले घाटात बरे पडतात कारण मधला माणूस वळणावर असतो आणि निरोप पुढे देतो.

किती खर्च येईल?

चायनीज सेट एकेकी साधारण दोन ते पाच हजारांत मिळतात. मधली फळी सहा ते पंधरा हजारांची. तिथे बंगळुरूच्या ब्ल्यूआर्मरसारखी आपली कंपनीही आहे. कार्डो आणि सेनाचे मेशवाले वीस हजारांच्या पुढे सुरू होतात आणि वरचे मॉडेल तीस-पस्तीसही ओलांडतात. भाव बदलत असतात, सणासुदीला उतरतात. जोडीनं घेतला तर स्वस्त पडतो. पण जोडी घेताना दुसरा कोण वापरणार ते आधी ठरवा. माझ्या ओळखीत दोन घरांत दुसरा डबा न उघडता पडून आहे.

परदेशातून येणाऱ्या कुणाकडून स्वस्तात मागवत असाल तर एवढंच बघा, की इथे वॉरंटी कोण देणार. बंद पडला तर तो परदेशात पाठवायचा खर्च काढून मग स्वस्त-महाग ठरवा.

माझा एका कंपनीचा, मित्राचा दुसऱ्या. जुळतील का?

बहुतेक वेळा जुळतात, पण नीट नाही. युनिव्हर्सल इंटरकॉम नावाची सोय असते. तिच्यात तुमचं यंत्र मित्राच्या यंत्राला फसवतं, मी म्हणजे फोन आहे असं सांगतं. म्हणजे बोलणं फोन कॉलच्या वाटेनं जातं. आवाज कॉलसारखाच सपाट, पल्ला कमी, आणि फोनसाठीची एक जागा अडलेली. मग मॅप ऐकू येत नाही, किंवा खरा फोन आला की मित्र तुटतो.

एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सरळ बोलत नाही. मध्ये ब्लूटूथचा पूल टाकावा लागतो, आणि ज्याच्या डोक्यावर तो पूल त्याची बॅटरी आधी संपते.

म्हणून ग्रुपमध्ये पहिला घेणाऱ्यानं जरा विचार करून घ्यावा. त्याच्यामागे बाकीच्यांना तीच कंपनी घ्यावी लागते.

हेल्मेट कुठलं हवं?

आधी हेल्मेट, मग इंटरकॉम. दोन हजारांच्या हेल्मेटवर वीस हजारांचं यंत्र लावणारे मी पाहिलेत. आयएसआय खूण, म्हणजे आयएस ४१५१, असलीच पाहिजे. १ जून २०२१ पासून त्याशिवायचं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. ईसीई २२.०६ ही युरोपातली खूण असेल तर आणखी चांगलं.

इंटरकॉमपुरतं एकच तपासा. आतलं चीक पॅड, म्हणजे गालाजवळची गादी, काढून कानाच्या जागी गोल खोबण आहे का ते बघा. काही हेल्मेटमध्ये ती कोरलेली असते, काहींत सरळ थर्माकोल. खोबण नसेल तर स्पीकर कानावर दाबतो आणि दोन तासांनी कानाची पाळी लाल होते. चष्मेवाल्यांना तर काडीही टोचते. त्यावर उपाय म्हणून थर्माकोल कोरू नका. एका दुकानातल्या पोरानं कटर काढून "दोन मिनिटांत करून देतो" म्हणाला, तेव्हा मी हेल्मेट उचलून बाहेर पडलो. अपघातात डोकं वाचवतो तो तोच थर्माकोल. कवचाला भोक पाडणं हाही तितकाच मूर्खपणा.

फुल फेसला वायरचा, बटणाएवढा माइक. हाफ फेस किंवा जबडा वर उचलणाऱ्या हेल्मेटला दांडीचा माइक. खोक्यात बहुधा दोन्ही असतात.

दादा, बसवायचा कसा? दुकानदार पाचशे रुपये मागतोय.

स्वतः बसव. तासभर लागतो आणि दुकानदारापेक्षा बरा बसतो, कारण कान तुझे आहेत. माझं ठाम मत आहे की स्वस्त आणि महाग सेटमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून जास्त फरक नीट बसवलेल्या आणि कसाही बसवलेल्या सेटमध्ये असतो.

हेल्मेट उलटं करून मांडीवर घे. चीक पॅड टिचबटणांवर असतात, एकेक ओढून काढ. पहिल्यांदा "टक्" आवाज आला की काहीतरी तुटलं वाटतं, तुटत नाही. आता खरं काम, कान कुठे येतो ते शोधणं. खोबणीचा मध्य म्हणजे कान नव्हे. माझा कान खोबणीच्या मध्यापेक्षा बोटभर पुढे आणि थोडा वर येतो.

बायकोनं सुचवलेली युक्ती सांगतो. खोबणीवर कागदी चिकटपट्टी लाव. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो त्यावर ओल्या कुंकवाचं बोट लाव आणि हेल्मेट नेहमीसारखं चढव. काढताना कडा हातांनी फाकवून अलगद काढ. हेल्मेट चढवताना ते वरून खाली येतं, म्हणून डाग पट्टीवर खालून वर ओढला जातो. त्या रेघेचं वरचं टोक जिथे थांबतं तिथे तुझा कान. स्पीकरचा मध्य तिथे आणायचा. दोन्ही बाजूंना वेगळं करून बघ, दोन्ही कान सारखे नसतात. नंतर ऑफिसला जाण्याआधी कान धू. मी विसरलो होतो.

मग वेल्क्रो चिकटव. चिकटवण्याआधी थर्माकोलवरची धूळ कोरड्या फडक्यानं पूस. पावसाळ्यात दमट हवेत चिकटपट्टी नीट धरत नाही, म्हणून रात्रभर तसंच ठेव, लगेच वापरू नकोस. वायर कवच आणि थर्माकोल यांच्या फटीत ढकलायला जुनं एटीएम कार्ड छान चालतं. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घालशील तर वायर सोलशील.

माइकला दिशा असते. दांडीच्या माइकवर खूण किंवा बाण असतो, ती बाजू ओठांकडे. उलटा बसला तर समोरच्याला तुझा आवाज लांबून, वाऱ्यासकट ऐकू येतो. त्यावरचं स्पंजाचं टोपण काढून ठेवू नकोस, वारा अडवायचं काम तेच करतं.

डबीसाठी दोन पर्याय असतात, कडेला अडकवायचा क्लिप किंवा चिकटवायचा पाया. क्लिप बसत असेल तर तोच घे. उद्या हेल्मेट बदललं तर सहज निघतो.

सगळं नीट केलं, तरी आवाज कमी येतो.

गाणं लावा, हेल्मेट घाला आणि दोन्ही तळव्यांनी हेल्मेट कानांच्या बाजूनं आत दाबा. आवाज एकदम वाढला तर स्पीकर कानापासून लांब आहेत. स्पीकरमागे खोक्यातली फोमची चकती, नसेल तर जाड कापडाचा तुकडा घाला. अर्ध्या सेंटीमीटरनंही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दाबूनही वाढला नाही तर फोनचा आवाज तपासा. फोनचा वेगळा असतो आणि इंटरकॉमचा वेगळा, दोन्ही वर करावे लागतात.

आणि आवाज पूर्ण वर नेण्याआधी हे वाचा. ऐंशी-नव्वदच्या वेगाला हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबल आवाज दिवसात आठ तास चालतो आणि प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. त्या वाऱ्यावर मात करायला आपण स्पीकर आणखी मोठा करतो.

ऐकायला उलटं वाटेल, पण लांबच्या प्रवासात मी फोमचे मऊ इयरप्लग घालतो आणि त्यावरून इंटरकॉम ऐकतो. वाऱ्याचा घोंघाट बराच कमी होतो, बोलणं आणि हॉर्न मात्र कळतात. गावातल्या वाहतुकीत मी ते घालत नाही.

मॅप ऐकताना मित्राचं बोलणं बंद पडतं. का?

स्वस्त सेट एका वेळी एकच आवाज ऐकवतात. बोलणं चालू असेल तर मॅप गप्प, मॅप बोलला की मित्र तुटला. महाग सेटमध्ये एक आवाज मागे धीमा चालू राहतो आणि दुसरा वर येतो. विकत घेताना हे आवर्जून विचारा, किंवा दुकानातच दोन फोन घेऊन करून बघा.

गुगल मॅपच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथवर आवाज ऐकवायचा की नाही हेही वेगळं असतं, ते चालू आहे ना पाहा. मॅपची भाषा मराठी करता येते. आमच्याकडे ती केली तेव्हा "उजवीकडे वळा" ऐकून मागे बसलेल्या आईनं "बरं" म्हटलं.

बोलताना गाण्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

बिघाड नाही. ब्लूटूथवर गाणं एका वाटेनं येतं आणि माइकसकट बोलणं दुसऱ्या वाटेनं. माइक चालू झाला की बऱ्याच सेटमध्ये गाणंही बोलण्याच्या अरुंद वाटेवर येतं. बोलणं बंद करा, गाणं सुधारतं.

पोलिस पकडतील का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या यादीत 'हातात धरायचं' संपर्काचं साधन वापरणं येतं. पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभराची कैद, किंवा दोन्ही. इंटरकॉम हातात धरलेला नसतो. पण तीन हात नाक्याला थांबवलेल्या हवालदारासमोर कलमाचा शब्दच्छल करत बसू नका. गाडी कडेला घ्या, हेल्मेट काढा, आत कानात काही नाही हे दाखवा. मला दोनदा थांबवलंय, दोन्ही वेळा कुतूहलानं. एकानं किंमत विचारली.

फोन मात्र हातात घेऊ नका आणि हेल्मेटमध्ये कोंबू नका. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, कलम १२९ दोघांनाही लागू आहे. म्हणजे दुसरा इंटरकॉम लावायला जागा आपोआप आलीच.

आणखी एक. यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग, अटल सेतू, ईस्टर्न फ्रीवे, समृद्धी यांवर दुचाकीला बंदी आहे. मॅप कधीकधी मोटारीच्या सेटिंगवर राहतो आणि कानात शांतपणे तिकडेच वळायला सांगतो. निघण्याआधी मॅपमध्ये दुचाकीची खूण निवडा. कळंबोलीला एका नवख्या मित्राला आम्ही इंटरकॉमवरून ओरडून परत फिरवलंय.

पावसात चालतो का?

आयपी६७ लिहिलं असेल तर धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिलं तरी चालतं, ही त्या चाचणीची अट. पण ती चाचणी चार्जिंगचं झाकण घट्ट लावलेल्या, नव्या यंत्राची. धुवायच्या पंपाचा जोरदार फवारा त्यात धरलेला नाही, तेव्हा वॉशिंग सेंटरवाल्याकडे हेल्मेटसकट गाडी सोडू नका.

माझा गेला तो असाच. जुलैत मुरबाडच्या पुढे चहाला थांबलो, पॉवर बँकेवर लावला, निघताना रबरी झाकण नीट दाबलं नाही. घाटात तासभर पाऊस. घरी आल्यावर चार्जिंगच्या तोंडातून थेंब गळाला. तांदळाच्या डब्यात ठेवला, काही झालं नाही, तांदूळ मात्र बायकोनं फेकायला लावले. वॉरंटीत पाणी धरत नाहीत असं कंपनीनं दीड महिना ठेवून घेतल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर चाललं असतं.

आता मी पावसात निघण्याआधी झाकणावरून अंगठा फिरवतो, सिलेंडरचा नॉब तपासावा तसा. घरी आल्यावर झाकण उघडून पंख्याखाली, कोरडा झाला की मगच चार्जिंग. ओल्यावर कधीही नाही. माइकचा स्पंज काढून पिळा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास मारतो.

बॅटरी किती टिकते?

खोक्यावर आठ ते तेरा तास लिहिलेलं असतं. दिवसभराच्या ट्रिपला बहुतेक पुरते. दोन वर्षांनी कमी होते. पावसाळ्यात महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर निम्मी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा, रिकामी ठेवलीत तर मरते. हेल्मेट उन्हात टाकीवर तापत ठेवू नका, लिथियमला ऊन मानवत नाही.

आई मागे बसते. तिला हे जमेल का?

जमेल. तिच्या हेल्मेटवर तिनं एकही बटण दाबायचं नाही असं बसवा. चालू करताना घरीच दोन्ही सेट जोडून द्या, आवाज तिच्या कानाला बेतून लावा. बहुतेक सेटमध्ये बोललं की माइक आपोआप उघडायची सोय असते, पण वाऱ्यानंही ती उघडते. वेग वाढणार असेल तर ती सोय बंद करून माइक कायम चालू ठेवलेला बरा.

आमची आई पहिल्या दिवशी खारघरपर्यंत गप्प होती. विचारलं तर म्हणाली, "तू गाडी चालवतोयस, मध्ये कशाला बोलू?" ग्रुपमधल्या निम्म्या मुलांना मी हे ऐकवतो.

ग्रुपमध्ये सगळे एकदम बोलतात. काय करावं?

आमच्याकडे ठरलेलं आहे. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा, हे दोघं बोलणार. बाकीचे ऐकणार. पुढचा सांगतो ते दोन-तीन शब्दांत, "उजवा खड्डा", "वाळू", "गतिरोधक", "ट्रक मध्ये". वाक्य पूर्ण करत बसला तर ते पूर्ण होईपर्यंत मागचा खड्ड्यात. मागचा फक्त एवढंच, "सगळे आले" किंवा "एक मागे".

डावा-उजवा चालवणाऱ्याच्या हातानं. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

घाटात गप्पा बंद. वळणावर कुणी विनोद सांगायला लागलं की हसणारा आधी ब्रेक विसरतो. आणि इंटरकॉम चालू आहे हे विसरू नका. कसाऱ्याला एकानं मागे पडल्यावर पुढच्याच्या चालवण्याबद्दल जे मत स्वतःशी पुटपुटलं, ते सात जणांनी स्टिरिओत ऐकलं.

सेकंड-हँड घेऊ का?

बॅटरी बदलता येणारा सेट असेल तर घ्या, नाहीतर विचार करा. घेताना एक तास सलग चालू ठेवून पाहा, चार्जिंगचं तोंड ढिलं आहे का ते तपासा, आणि स्पीकरची जोडणी, माइक, क्लिप हे सगळं सोबत मागा. नुसती डबी स्वस्तात मिळते, पण बाकीचे भाग वेगळे घेतले की नव्याच्या आसपास पोहोचता.

पेअर होत नाही. सगळं करून पाहिलं.

दोन्ही सेट रिसेट करा, फोनमधल्या ब्लूटूथच्या यादीतून जुनं नाव काढून टाका, मग पहिल्यापासून. दहापैकी आठ वेळा तेवढ्यानं होतं. एक सेट नुकताच अपडेट केला आणि दुसरा नाही, हे उरलेलं कारण. निघायच्या दिवशी सकाळी माजिवड्याला उभं राहून अपडेट करू नका, आदल्या रात्री घरी करा.

टपरीवर थांबल्यावर हेल्मेट कुठे ठेवू? आरशावर लटकवलं तर चालेल?

आरशाचं टोक आतल्या थर्माकोलला खळी पाडतं. टाकीवर ठेवलंत तर वाऱ्यानं, नाहीतर कुत्र्याच्या धक्क्यानं पडतं, आणि डबी डावीकडे असल्यानं बहुधा तिच्यावरच. जमिनीवर, तोंड खाली, डबीची बाजू भिंतीकडे. नाहीतर चहा एका हातात आणि हेल्मेट कोपरात, आम्ही तसंच उभे असतो.